ऑडिटवाला म्हणतो ड्रायव्हरमधून कर्नलची मेमरी गळतेय, पण मी तर सगळी फील्डं भरलीयेत!

वेर्णा_शिफ्ट · मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी जरा माझ्यासाठी डोकं चालवा, माझं बंद पडलंय. गोव्यात वेर्ण्याला एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही यूएसबीवर चालणारी पेटी बनवतो, फार्मा प्लांटमध्ये तापमान, दाब वगैरे मोजायला लावतात. तिचा लिनक्स ड्रायव्हर मी लिहिलाय, म्हणजे अर्धा मी, अर्धा माझ्या आधीचा माणूस लिहून दुबईला गेला. पेटी एका इंडस्ट्रियल पीसीला लागते, ६४ बिट इंटेल, कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१९, बोर्डवाल्यानेच दिलेला, तो बदलायचं नाव काढलं तरी सगळे अंगावर येतात.

आता एका गिऱ्हाइकाने ऑडिट करून घेतलं आणि त्यात आमच्या ड्रायव्हरवर शेरा आलाय की आयऑक्टलमधून (अ‍ॅप ड्रायव्हरला मारतं ती हाक) कर्नल स्टॅकमधले (कर्नलच्या तात्पुरत्या मेमरीतले) ५ बाईट युझरकडे, म्हणजे साध्या प्रोग्रामकडे, जातात, प्रकार इन्फर्मेशन लीक, तीव्रता मिडियम. मी तीन वेळा कोड वाचला. परत देतो तो स्ट्रक्ट, म्हणजे फील्डांचा गठ्ठा, असा आहे: आधी १ बाईटचा चॅनेल नंबर, मग ४ बाईटचं रीडिंग, मग २ बाईटचे फ्लॅग. बस्स. बेरीज ७. तिन्ही फील्डं भरतो आणि मग कॉपी-टू-युझरला (कर्नलमधून अ‍ॅपकडे बाईट नेणारं फंक्शन) पत्ता आणि साइझऑफ (स्ट्रक्टची लांबी) देऊन मोकळा होतो. काय राहिलं भरायचं? हे ५ बाईट आले कुठून?

आमचा पात्रांव (मालक) म्हणतो ५ बाईटने कोणाचं काय जातंय, 'रिस्क मान्य' असं लिहून दे आणि विषय संपव. गिऱ्हाईक ऐकत नाही. शुक्रवारी कॉल आहे आणि तिकडे मलाच बोलायचंय. कोड इकडे टाकू शकत नाही, कंपनीचा आहे.

रिकामा_बाकडा · मंगळवार, रात्री ११:४१

तुझा पात्रांव बरोबर आहे. त्या गाजलेल्या हार्टब्लीड बगमध्ये एका दणक्यात ६४ केबी जायचे तेव्हा बोंब मारली तर ठीक होतं. ५ बाईटमध्ये माझं आडनाव पण मावत नाही. ऑडिटवाल्यांना पानं भरायची असतात रे.

फोंडेकार · बुधवार, सकाळी ७:०५

बाकड्या, झोप जा. (रात्रभर फोंड्यात लाईट नव्हती म्हणून आत्ता लिहितोय.)

वेर्णा, तुझी बेरीज चुकलीये. त्या स्ट्रक्टचा साइझऑफ छापून बघ, ७ नाही, १२ येईल. ४ बाईटचं फील्ड ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच बसायला पाहिजे, म्हणून कंपायलर चॅनेलच्या १ बाईटनंतर ३ बाईटचं भोक सोडतो, मग रीडिंग, मग फ्लॅगचे २, आणि शेवटी परत २ बाईटचं भोक, कारण अख्खा स्ट्रक्ट ४ च्या पटीत आला पाहिजे. ३ आणि २ मिळून ५. ऑडिटवाल्याचा हिशोब सरळ आहे.

त्या भोकांना नाव नाही, तू काही लिहीत नाहीस, कंपायलरही लिहायला बांधील नाही. पण कॉपी-टू-युझरला फील्डबिल्ड काही कळत नाही, त्याला तू सांगितलंस १२ बाईट ने, तो १२ नेतो. भोकात काय असतं? आधी जे होतं ते. प्रत्येक थ्रेडला कर्नलमध्ये १६ केबीचा एक स्टॅक असतो, प्रत्येक सिस्टम कॉल तोच स्टॅक वरून वापरायला घेतो आणि जाताना साफ करून जात नाही. फेणीच्या बाटलीत कोकम सरबत भरून पाहुण्याला दिलंस आणि बाटली विसळली नाहीस तर पाहुण्याला कालचा वास येणारच, आणि नाक चांगलं असेल तर कोणत्या भाटीतली फेणी ते पण सांगेल.

आता ५ बाईट पुरतात का. त्यात पासवर्ड असायची गरजच नाही, पॉइंटरचा (मेमरीतल्या पत्त्याचा) तुकडा असला तरी पुरे. केएएसएलआर माहितीये ना, बूट होताना कर्नल मेमरीत वेगवेगळ्या जागी बसतो, म्हणजे हल्ला करणाऱ्याला कुठलं फंक्शन कुठे ते कळू नये. आपल्या इंटेल मशिनवर कर्नलच्या कोडसाठी १ जीबीची पट्टी असते आणि त्यात २ एमबीच्या पायऱ्या, म्हणजे जागा साधारण ५०० च. तू म्हणशील ५०० तर कोणीही ट्राय करेल. पण चुकीची जागा धरली तर कर्नल कोसळतो, मशीन रिबूट होते, आणि नवीन बूटला नवीन जागा. म्हणून अंदाज मारण्यापेक्षा गळती शोधणं स्वस्त. बाकी दुसरीकडे कुठेतरी मेमरी करप्ट करणारा बग असेल तर त्याला ही गळती म्हणजे नकाशा. दोन मिडियम मिळून एक रूट, म्हणजे मशीनवर पूर्ण हक्क.

तू असं कर, तोच आयऑक्टल शंभर वेळा मार, फक्त भोकातले बाईट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) छाप, मग रिबूट कर, परत छाप. आणि ते इकडे टाक, त्यात कंपनीचं काही नाहीये.

म्हापशेकर_मामा · बुधवार, सकाळी ९:३०

मजा वाटली वाचून. पोरांनो हा आजार फार जुना आहे, तुमच्यापैकी काही जण तेव्हा शाळेत पण नसतील. २००३ साली 'इथरलीक' म्हणून प्रकरण निघालं होतं, नंबर सीव्हीई-२००३-०००१, म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-बगांच्या त्या वर्षाच्या यादीतला पहिलाच. इथरनेटच्या फ्रेममध्ये डेटा कमीत कमी ४६ बाईट लागतो. एआरपीचं (कोणता आयपी कोणत्या कार्डाचा ते विचारणारं) पॅकेट असतं २८ बाईटचं. मग उरलेले १८ भरायचे कशाने? नियम सांगतो शून्याने भरा. कितीतरी नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर, आणि ते पण वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टमचे, काहीच भरत नव्हते, फक्त लांबी वाढवून बफरमध्ये पुढे जे पडलंय ते वायरवर सोडत होते. एकाच स्विचवर बसलेल्या माणसाने नुसतं पिंग करत राहायचं आणि उत्तरांच्या शेपट्या गोळा करायच्या, त्यात आधीच्या पॅकेटचे, कर्नल मेमरीचे तुकडे. ना लॉगिन, ना काही. लिनक्समध्ये मग ड्रायव्हरांना शेपटी शून्याने भरून देणारं एक फंक्शनच आलं, एसकेबी-पॅडटू.

मी तेव्हा पणजीत एका ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचो. मी पण करून बघितलं होतं, हबला लॅपटॉप लावून. एका पीसीच्या उत्तराच्या शेपटीत दुसऱ्याच कोणाच्या तरी वेबपेजचे शब्द दिसले तेव्हा मी तिथेच खुर्चीत बसलो होतो तो उठलो. साहेबाला दाखवलं, साहेब म्हणाले "पण नेट चालतंय ना?"

चालत होतं! हीच तर गोची आहे. गळतीने काही बंद पडत नाही, निळा स्क्रीन नाही, लॉगमध्ये ओळ नाही, टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. बफर ओव्हरफ्लो निदान पडून तरी सांगतो की मी आहे.

मडगांव_विंडोज · बुधवार, दुपारी १:१५

लिनक्सवाल्यांनी एवढं मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडे पण हेच. विंडोज ड्रायव्हरमध्ये बफर्ड पद्धतीचा आयऑक्टल असला की इनपुट आणि आउटपुटला कर्नल एकच बफर देतो, आणि परत किती बाईट न्यायचे ते ड्रायव्हर इन्फर्मेशन नावाच्या फील्डमध्ये सांगतो. आळशी माणूस तिथे युझरने दिलेली आउटपुटची लांबीच जशीच्या तशी टाकतो. म्हणजे भरले ८ बाईट, सांगितले ४०९६, आणि बाकीचा पूलमधला (कर्नलच्या सामायिक मेमरीतला) गाळ गेला युझरकडे. युझरने बफर मोठा दिला की गाळ पण मोठा, म्हणजे नळाची तोटीच गिऱ्हाइकाच्या हातात. मी स्वतः असा कोड लिहून दोन वर्षं विकलाय, अभिमानाने सांगत नाही. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून पूलमधून मेमरी घ्यायचं नवीन फंक्शन आलंय ते आपणहून शून्य करून देतं, पण जुनं फंक्शन वापरणारे ड्रायव्हर बाजारात ढिगाने आहेत आणि वरच्या केसमध्ये बफर तू घेतलेलाच नसतो, आयओ मॅनेजरने घेतलेला असतो, त्यामुळे तिकडे आकडा खरा सांगणं हाच उपाय.

वेर्णा_शिफ्ट · बुधवार, रात्री १०:५०

फोंडेकार साइझऑफ १२ आला. लाज वाटली, कॉलेजात हा प्रश्न मला तोंडी परीक्षेत विचारला होता आणि मी उत्तर दिलं होतं.

आता हे बघा. शेवटचे दोन बाईट सारखे शून्यच येतात. चॅनेलनंतरचे तीन मात्र असे:

पहिला बूट: ३सी २बी ९ए
दुसरा बूट: ३सी ६बी बी१
तिसरा बूट: ३सी ईबी ८डी

एका बूटमध्ये शंभरच्या शंभर वेळा तेच, रिबूट केलं की बदलतात, पण ३सी तसाच राहतो. हे काय आहे? मला तर फोन नंबरासारखं वाटतंय.

फोंडेकार · बुधवार, रात्री ११:३५

फोन नंबरच आहे, कर्नलचा.

नीट बघ. इंटेलवर आकडा मेमरीत उलटा पडतो, छोटा बाईट आधी. तुझा स्ट्रक्ट योगायोगाने ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसलाय, तिथे आधी कुठल्यातरी कॉलचा ८ बाईटचा पॉइंटर होता. त्याचा सगळ्यात खालचा बाईट तुझ्या चॅनेल नंबरने पुसला, वरचे चार तुझ्या रीडिंगने पुसले, पण ते वरचे चार कर्नल कोडसाठी सगळे एफएफच असतात, ते सांगायला कोणी लागत नाही. मधले तीन भोकात पडले, म्हणून वाचले. म्हणजे पहिल्या बूटला पत्ता होता एफएफ चार वेळा, मग ९ए २बी ३सी, आणि शेवटचा बाईट झाकलेला.

आता २ एमबीच्या पायऱ्या म्हणजे पत्त्याचे खालचे २१ बिट बूटगणिक बदलतच नाहीत. म्हणून तुझा ३सी जागचा हलत नाही. मधल्या बाईटमध्ये बघ, २बी, ६बी, ईबी, तिन्हीत शेवटी बी, आणि त्याच्या आधीचा आकडा सम (ई म्हणजे १४). ते पण त्याच २१ बिटांतलं. हलतंय फक्त वरचं, आणि तेच तर लपवायचं होतं! झाकलेला खालचा बाईट कर्नलच्या फाइलवरून काढता येतो, तोही न बदलणाऱ्यातलाच. तोच कर्नल तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकाच बोर्डवाल्याचा, म्हणजे हल्ला करणाऱ्याने एकदा तुमची पेटी विकत घेतली, फाइल बघितली, की पुढच्या ठिकाणी ही तीन अक्षरं वाचून वजाबाकी करायची. केएएसएलआर संपलं. ३ बाईट लागले, ५ पण नाही.

बाकड्या वाचतोयस ना?

आता करायचं काय. पहिली गोष्ट, स्ट्रक्ट भरायच्या आधी मेमसेटने अख्खा शून्य कर. महिरपी कंसात शून्य टाकून इनिशियलाइज केलं तर चालेल असं लोक सांगतील, बऱ्याचदा चालतं पण, पण सी च्या मानकात त्या जागी फील्डांची हमी आहे, भोकांची नाही. कंपायलर बदलला, ऑप्टिमायझेशन बदललं, की भोक परत उघडं. मेमसेट मार आणि झोप.

दुसरं, पाहोल नावाचं टूल आहे, डीबग माहितीसकट बिल्ड केलेल्या मॉड्यूलवर चालव, प्रत्येक स्ट्रक्टमध्ये कुठे किती भोक ते छापून देतं. नावातच भोक आहे.

तिसरं, तुझा डिव्हाइस नोड (ज्या फाइलमधून अ‍ॅप पेटीशी बोलतं ती) कोण उघडू शकतो? युडेव्हच्या (डिव्हाइसचे हक्क ठरवणाऱ्या) रुलमध्ये ६६६, म्हणजे कोणीही वाचा-लिहा, असं लिहिलंय ना? खरं सांग.

वेर्णा_शिफ्ट · बुधवार, रात्री ११:४२

६६६ च आहे. 😐 ऑपरेटरचं अ‍ॅप रूट नाही ना चालत, म्हणून दुबईवाल्याने केलं होतं.

रिकामा_बाकडा · गुरुवार, सकाळी ८:१०

वाचतोय. बरं, ३ बाईट. मागे घेतो. पण एक सांगा, हे सगळं करायला माणूस आधी त्या पीसीवर बसलेला पाहिजे ना? फार्मा प्लांटच्या आत, गेटवर बूट काढून, डोक्याला टोपी घालून? तो माणूस आत आलाच तर थेट पीसीच उचलून नेईल.

फोंडेकार · गुरुवार, सकाळी ८:५५

चांगला प्रश्न आहे आणि म्हणूनच तीव्रता मिडियम लिहिलीये, हाय नाही. पण त्या पीसीवर ऑपरेटरचं अ‍ॅप आहे, ब्राउझर आहे, पेन ड्राइव्ह लागतो. माणूस नाही आला तरी कोणाचा तरी प्रोग्राम साध्या युझरच्या हक्काने आत येतो आणि मग त्याला वर चढायला शिडी लागते.

आणि बसलेलाच पाहिजे असं पण नाही. मामांनी पिंगचं सांगितलंच. २०२० मधलं ब्लूटूथचं बघ, ब्लीडिंगटूथ म्हणून जे तीन बग निघाले त्यातला एक, सीव्हीई-२०२०-१२३५२, लिनक्सच्या ब्लूटूथ कोडमधली शुद्ध स्टॅक गळती होती. समोरचा एक विनंती पाठवतो, ती चुकीची निघाली तर कोड उत्तराच्या स्ट्रक्टमध्ये फक्त आयडी आणि स्टेटस असे दोन बाईट भरायचा आणि अख्खा १८ बाईटचा स्ट्रक्ट हवेतून पाठवून द्यायचा. १६ बाईट स्टॅक, न पेअर करता, ब्लूटूथच्या पल्ल्यातल्या कोणालाही. तो शोधणाऱ्याने त्यातल्याच दुसऱ्या एका बगाबरोबर जोडून लांबूनच कोड चालवून दाखवला होता.

वेर्णा, यातलं तुझ्या कामाचं म्हणजे एरर पाथ. भोकं नसलेला स्ट्रक्ट सुद्धा गळतो जर चुकीच्या वाटेवर अर्धाच भरून तू परत फिरलास. लोक सरळ वाट दहा वेळा वाचतात, एररची वाट कोणी वाचत नाही. पेटी उपटलेली असताना तुझा आयऑक्टल काय परत देतो ते बघ.

सत्तरीची_पोर · गुरुवार, दुपारी ४:२०

मी टेस्टिंगवाली आहे, कर्नलचं एवढं येत नाही, पण एक सांगायचंच होतं. वेर्णा_शिफ्ट, तुम्ही आता उत्साहात फील्डं पुढे-मागे करून भोकं बुजवायला जाल किंवा स्ट्रक्टला पॅक्ड (कंपायलरला भोकं न सोडायचा हुकूम) लावाल. नका करू!! आधीच्या नोकरीत आमच्या डेव्हलपरने हेच केलं, पॅक्ड लावलं, स्ट्रक्ट लहान झाला, त्याला वाटलं वा काय सुंदर. आयऑक्टलच्या नंबरातच स्ट्रक्टची साइझ कोंबलेली असते, म्हणजे साइझ बदलली की नंबर बदलला, आणि गिऱ्हाइकाकडचं जुनं अ‍ॅप जुना नंबर मागतं, ड्रायव्हर म्हणतो हा कोण, मी ओळखत नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी. मी माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची आरास) बांधायची सोडून फोनवर बसले होते, आईने अजून माफ केलेलं नाही.

त्यापेक्षा भोकांना नाव द्यायचं, चॅनेलनंतर तीन बाईटचं राखीव आणि शेवटी दोन बाईटचं राखीव. साइझ १२ च राहते, प्रत्येक फील्ड जागच्या जागी, जुनं अ‍ॅप चालतं, आणि आता ती फील्डं आहेत म्हटल्यावर कोणीतरी विचारतं की ही भरली का. शिवाय कोणीतरी नंतर चुकून भोक पाडू नये म्हणून बिल्डमध्येच साइझ तपासणारी ओळ टाका.

फोंडेकार · गुरुवार, संध्याकाळी ६:००

ताई, एकदम बरोबर, माझ्याकडून राहिलंच होतं. नाव पण द्या आणि मेमसेट पण ठेवा.

वेर्णा, अजून एक, हे मला वरच्यापेक्षा जास्त खटकतंय. तुझी पेटी यूएसबीची आहे म्हणजे रीड फंक्शनमध्ये तू बफर घेत असशील, पेटीकडून डेटा मागत असशील आणि युझरला देत असशील. बफर के-मॅलॉकने (कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन) घेतलाय का? किती मोठा? पेटी खरंच किती बाईट पाठवते? आणि युझरला किती देतोस, मागितलेले की आलेले? यूएसबीचं फंक्शन तुला खरी आलेली लांबी वेगळी सांगतं, ती वाचतोस का?

के-मॅलॉक मेमरी साफ करून देत नाही, के-झॅलॉक देतो, फरक एका अक्षराचा. नवीन कर्नलमध्ये, ५.३ पासून, बूटलाच सांगता येतं की प्रत्येक वाटप शून्य करूनच दे, तुझ्या ४.१९ मध्ये ते नाही, तुला हातानेच करायचंय. जमलं तर घरच्या मशीनवर ६.१ किंवा पुढचा कर्नल घेऊन के-एमसॅन चालू करून ड्रायव्हर चालव, न भरलेला बाईट युझरकडे निघाला की तो तिथेच ओरडतो आणि कोणत्या ओळीत ती मेमरी घेतली होती ते पण सांगतो. यूएसबी डिव्हाइसकडे उलट्या दिशेने गाळ जात असेल तर ते पण पकडतो. क्लँग कंपायलरने बिल्ड करावा लागतो आणि मशीन गोगलगाय होते, पण रात्रभर लावून ठेव.

वेर्णा_शिफ्ट · गुरुवार, रात्री ११:५५

फोंडेकार तुम्ही माणूस आहात की कोण.

बफर ५१२ चा, के-मॅलॉकने. पेटी पाठवते ६४. युझरने ५१२ मागितले तर मी ५१२ देतोय!! खरी लांबी एका व्हेरिएबलमध्ये येते आणि ते व्हेरिएबल पुढे कुठेच वापरलेलं नाही, वर दुबईवाल्याने कॉमेंट लिहिलीये 'नंतर बघू'. अ‍ॅप पहिले ६४ वाचतं आणि बाकीचे फेकतं, म्हणून कधी कोणाला कळलंच नाही.

मी ते मागचे ४४८ बाईट फाइलमध्ये लिहीत बसलो. बरंचसं कचरा, एफएफवाले पॉइंटर तर कितीतरी, पण मध्येच वाचता येणारा मजकूर यायला लागला. ओळींची नुसती शेपूट, सुरुवात कधीच नाही. एक शेपूट आमच्याच अ‍ॅपच्या लॉगची होती, त्यात ऑपरेटरचं लॉगिन नाव आणि बॅच नंबर. माझ्या ड्रायव्हरचा त्या लॉगशी काडीचा संबंध नाही, तो माझ्या बफरमध्ये आला कसा?

फोंडेकार · शुक्रवार, सकाळी ६:४०

कर्नलमध्ये ५१२ च्या मापाचे डबे सगळ्यांचे एकच असतात. तू मागितलास तरी तोच ढीग, लॉगची ओळ सॉकेटवरून सिस्टम लॉगकडे जाताना तिला बफर लागतो, तो पण बऱ्याचदा त्याच मापात येतो. तिने सोडलेला डबा तुला मिळाला. पहिले ६४ बाईट पेटीच्या डेटाने पुसले म्हणून ओळीचं डोकं गेलं आणि शेपूट राहिली. आज बॅच नंबर आहे, उद्या काय असेल ते त्या क्षणी मशीनवर काय चाललंय त्यावर.

हे ऑडिटवाल्याला सापडलेलं नाही ना? तुम्हीच सांगा. नंतर सापडलं तर जास्त वाईट दिसेल.

म्हापशेकर_मामा · शुक्रवार, सकाळी ९:००

आणि ते पात्रांवाला हेक्समध्ये नको दाखवूस बाबा. ती लॉगची शेपूट मोठ्या अक्षरात छापून कागद हातात दे.

वेर्णा_शिफ्ट · शुक्रवार, रात्री ९:३०

कॉल झाला. मामा, तुमचं ऐकलं, कागद छापला. पात्रांवाने वाचला, म्हणाला हा बॅच नंबर तुला कोणी दिला, मी म्हटलं तुमच्या पेटीने. मग बराच वेळ चहाच पीत होता. कॉलवर आम्हीच दुसरी गळती सांगितली, तिकडचा माणूस आधी गप्प झाला आणि मग त्याने तो ३सी चा हिशोब परत एकदा समजावून घेतला, त्याच्या रिपोर्टमध्ये पण फक्त '५ बाईट' एवढंच होतं.

पॅच असा गेला: मेमसेट, राखीव फील्डं, बिल्डमध्ये साइझची तपासणी, रीडमध्ये के-झॅलॉक आणि आलेत तेवढेच बाईट परत. पेटी उपटून एरर पाथ पण बघितला, तिकडे अर्धा भरलेला स्ट्रक्ट जात होता, आता नुसता एरर जातो. डीबगसाठी एका ठिकाणी कर्नल लॉगमध्ये कच्चा पॉइंटर छापत होतो ती ओळ पण उडवली. के-एमसॅन घरी लावलाय, लॅपटॉपचा पंखा ऐकून आजीला वाटलं मिक्सर राहिला चालू.

नोडचं ६६६ काढून ६६० केलं (फक्त मालक आणि ग्रुपला हक्क) आणि एक ग्रुप बनवला. दुपारी प्लांटवरून फोन, अ‍ॅप उघडतच नाही, परमिशन डिनाइड. ऑपरेटरच्या युझरला ग्रुपमध्ये टाकायचं मीच विसरलो. फोनवरून सांगितलं तर म्हणतात आम्हाला रूटचा पासवर्ड माहीत नाही, जे ऐकून बरंच वाटलं खरं तर. सोमवारी पहिल्या कदंबा बसने जातोय. देव बरें करूं सगळ्यांचं, ताईंच्या आईला पण सांगा.